तीन बारीक, एक जाड

मंगळवारी साडेअकराच्या सुमारास सारिका मॅडमनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ठिपके काढले, चौथ्या जागी फुली मारली, पुन्हा तीन ठिपके, पुन्हा फुली, आणि माझ्या हातातला इंजेक्शनचा ट्रे तिरपा झाला. फुटलं काही नाही. एक सुई खाली पडली, ती उचलून मी टाकून दिली. समोर पिंपळगाव राजाची एक बाई मांडीवर पोरगी घेऊन बसली होती आणि मॅडम तिला समजावत होत्या की हा ताप टॉन्सिलचा नाही, टायफॉइडचा नाही, पाण्याचा नाही. "ठिपका म्हणजे बरा गेलेला आठवडा. फुली म्हणजे तापाचा. तुम्ही सांगितलंत तसंच मांडलंय. दिसतंय ना? ताप ठरल्यासारखा येतो, चार-पाच दिवस राहतो, औषध द्या की नका देऊ, आपला आपण जातो. मधल्या दिवसांत पोरगी ठणठणीत." बाई म्हणाली, "हाव ना मॅडम, मी हेच तं सांगून राह्यली सगळ्याईले. कोणी ऐकतच नाई." मॅडम म्हणाल्या, असे काही आजार असतात, फार थोड्या लेकरांना होतात, जन्मापासूनच शरीरात खोट असते. जंतू नसतात, तरी अंग आपलं आपणच तापतं, गळ्याशी गाठी येतात, तोंड येतं, पोट दुखतं. ओळखायचे ते असेच, तारखा मांडून. "आणि रक्त ताप असतानाच घ्यावं लागतं. ताप उतरल्यावर आलात तर हाती काही लागायचं नाही." मी कानांनी ऐकत होते सगळं, पण माझा उजवा अंगठा पहिल्या बोटावर घासायला लागला होता. मी घासत नव्हते, तो घासत होता. बारीक, बारीक, बारीक, जाड. बोटांमधून काहीतरी सरकत होतं आणि बोटांमध्ये काहीच नव्हतं. मी हात ॲप्रनच्या खिशात घातला. खिशात कैची होती.

कैची बाबांनी घेऊन दिलेली. मी धम्मशीला, खामगावातल्या या लेकरांच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं सिस्टर आहे. आधी मोठे सर बसायचे, ते आता थकले, वर्षभरापासून त्यांची सून सारिका मॅडम बसतात. नर्सिंग पास होऊन अकोल्याहून घरी आले तेव्हा बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. म्हणाले, घड्याळ सगळेच देतात, तुले हे देतो, आणि कागदात गुंडाळलेली स्टीलची कैची माझ्या हातावर ठेवली. का, ते सांगायची गरज नव्हती. माझा भाऊ रवी सात वर्षांचा असताना काविळीनं पिवळा पडला होता आणि शेजारच्या बाईनं त्याच्या गळ्यात दोरा बांधून सांगितलं होतं, नऊ दिवस काढू नका, दवाखान्यात तर अजिबात नेऊ नका. बाबा दुपारी कामावरून आले, दाढीच्या पात्यानं दोरा कापला, रवीला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेऊन टाकलं. अकरा दिवस व्हरांड्यात त्याच्या उशाशी झोपले. रवी जगला, आज भुसावळला रेल्वेत आहे, चांगला ढेरी सुटलेला. आमच्या घरात देव नव्हते, दोरे नव्हते, बुद्धवंदना होती आणि पुस्तकं होती. त्या दुपारचा अभिमान मी बाबांपेक्षा जास्त मिरवला. दवाखान्यात लेकरू आलं, अंगावर गंडा-ताईत दिसला, की माझा हात खिशात गेलाच. आया हातापाया पडायच्या, सासवा शिव्या द्यायच्या, मी म्हणायची, शिव्या द्या बाप्पा, पण सलाईन लागेल तर हा दोरा निघेल. 'दोरेवाली सिस्टर' म्हणायचे मला. मोठे सर हसून म्हणायचे, धम्मशीलाबाई, तुमच्या कैचीचा सत्कार करू एकदा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

झुंबरबाई सोनाळ्याच्या. साठी उलटलेल्या, नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नात मुक्ता, सून राखी, मुलगा निवृत्ती; संत्र्याचा थोडा बगीचा, थोडी कपाशी. मुक्ता दहा महिन्यांची होती तेव्हा पहिल्यांदा आली, मग दोन-तीन महिन्यांआड येत राहिली. मला पोरगी आठवते ती तिच्या मानेनं, दोन्ही बाजूंनी सुजलेली, लिंबं भरल्यासारखी. तापात असताना कोणाकडे बघायची नाही. ताप उतरला की त्याच दिवशी खाटेवर उभी राहून सलाईनच्या नळीशी खेळायची आणि मला 'ए कैची' म्हणून हाक मारायची. साडेतीन वर्षांची असताना एकदा आली तेव्हा तिच्या कमरेला काळा करदोडा होता, तीन वेढे, आणि अख्खा गाठींनी भरलेला. खाली कातडी लाल झालेली, पुरळ होतं. मी कैची काढली. झुंबरबाईंनी माझं मनगट धरलं. आजपर्यंत इतक्या जणींनी धरलं असेल, पण ओढायला धरतात. यांनी नुसतं धरलं. म्हणाल्या, "बाई, तोडू नका. हा दोरा काई बाहेरचा नाई, म्या केलेला हाये. दर शनिवारी एक गाठ. पोट्टी बरी असली तं बारीक, ताप येऊन गेला असला तं जाड. पाहा तं खरं. डॉक्टरसायबाले दाखवा एकदा." आणि माझं बोट धरून त्या गाठींवरून फिरवलं. बारीक, बारीक, बारीक, जाड. बारीक, बारीक, बारीक, जाड. किती वेळा फिरवलं असेल, पाच-सहा गाठी? दहा? मी म्हणाले, "आजी, दोऱ्यानं ताप जात नसतो." त्या म्हणाल्या, "जाते कोण म्हन्ते? तो येते कवा, ते हाये त्याच्यात." हे वाक्य मी ऐकलं होतं. आज मला ते शब्द न् शब्द आठवतं, म्हणजे ऐकलंच होतं. पण मला तेव्हा फक्त म्हातारी बाई आणि दोरा दिसत होता, आणि पलीकडच्या खाटेवर दुसरं लेकरू रडत होतं. मी दोन बोटं दोऱ्याखाली घातली आणि कचकन कापला. कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत टाकला. राखी भिंतीशी उभी होती, तिच्या तोंडावर मला सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. बाहेर पडताना मला हळूच म्हणाली, बरं झालं सिस्टर, घरी लय तमाशा होते याच्यावरून. मी तिला म्हणाले, परत बांधू देऊ नको. एक गाठसुद्धा नाही. मोठी शहाणी मी!

दुसरीकडे कुठे लिहिलेलं असतं तर गोष्ट वेगळी. पण कुठे असणार? आमच्याकडे केसपेपर घरच्यांच्या हातात देतात. पुढच्या तापाला ते विसरून येतात, मग दहा रुपयांचा नवा कागद निघतो आणि त्यावर पहिल्या ओळीत 'ताप, तीन दिवस' असं लिहून पोराचा जन्म जणू तीन दिवसांपूर्वी झाला असं सगळं सुरू होतं. त्यात लोक एका डॉक्टरकडे टिकत नाहीत. सोनाळ्यात दाखवलं, दोन दिवसांत गुण नाही आला, मग वरवटला, तिथून शेगावला, तिथून आमच्याकडे. पाचव्या दिवशी ताप आपसूक उतरायचा आणि ज्याच्या दारात उतरला त्याचं नाव व्हायचं. आमच्या दारात पण उतरला होता. निवृत्तीनं पेढे आणले होते, शेगावचे, महाराजांच्या प्रसादाबरोबर. मोठ्या सरांनी एक खाल्ला, मी दोन. कागदावर लिहिलं होतं टॉन्सिल. त्याच्या आधीच्या कागदावर व्हायरल, त्याच्या आधीच्या कागदावर टायफॉइड आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह मीच पुसट झालं म्हणून पेनानं गडद केलं होतं. अख्ख्या जिल्ह्यात एकाच बाईनं ते सगळे ताप एका ओळीत मांडले होते, आणि तिला लिहिता येत नव्हतं.

दोरा कापला त्यानंतर आठ महिन्यांनी, सप्टेंबरात, मुक्ता शेवटची आली. डेंग्यूचा सीझन, एका खाटेवर दोन-दोन लेकरं. पाचव्या दिवशी ताप उतरायला हवा होता. सहावा उजाडला, सातवा. पोट फुगलं, लिव्हर हाताला लागायला लागलं, रक्तातल्या पेशी रोज उतरत गेल्या. सरांनी अकोल्याला पाठवलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना मी तिचा हात धरला, तेव्हा ती 'कैची' म्हणाली नाही. तिथे दोन दिवस होती. तिथेच गेली. सर्टिफिकेटवर जंतुसंसर्ग लिहिलं. राखीला सातवा महिना होता. मुक्ता गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं, मी त्या दिवशी ड्यूटीवर होते, संध्याकाळपर्यंत एकोणीस सलाईनी लावल्या. घरी जाऊन भात टाकला. लेकरं जातात, सत्तावीस वर्षांत किती गेली. प्रत्येकासाठी रडत बसले असते तर मीच गेले असते, असं मी स्वतःला सांगायची आणि ते चालून जायचं. पुढे एकदा सोनाळ्याचा एक पेशंट आला, त्याची बाई सांगत होती, झुंबरबाई म्हणते सिस्टरनं दोरा तोडला म्हणून पोट्टी गेली. मी हसले होते. हसणंसुद्धा आठवतं, स्टूलवर बसून कापूस तोडत होते आणि हसले. म्हटलं, काय माणसं आहेत, अजून त्याच विहिरीत.

पिंपळगावची बाई गेली तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, सिस्टर, तुमची तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, बरी आहे. मग म्हटलं, मॅडम, हे खानदानी असतं का? त्या म्हणाल्या, यातले काही असतात. आईबापाला काहीच नसतं, पण पुढच्या प्रत्येक लेकराला चारातली एक शक्यता. आणि लवकर सापडलं तर औषध आहे, लेकरू जगतं, शाळेत जातं. नाही सापडलं तर एखादा ताप असा येतो की उतरतच नाही, लिव्हर सुजतं, पेशी उतरतात. लोक डेंग्यू समजतात. राखीला सातवा महिना होता. म्हणजे लेकरू असेल, आता सव्वादोन वर्षांचं. मग मी मॅडमना सांगितलं, दोऱ्याचं सोडून सगळं. नंतर दोऱ्याचंही सांगितलं. त्या पहिल्यांदा जे म्हणाल्या ते हे, "तो दोरा कुठे आहे?" जणू मी ड्रॉवरमधून काढून देणार होते. मी विचारलं, तेव्हा सरांनी तो पाहिला असता तर पोरगी वाचली असती का? मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. म्हणाल्या, "सांगता येत नाही, सिस्टर. तेव्हा कोणाच्या डोक्यात आलंही नसतं कदाचित. पण दुसरं लेकरू असेल तर त्याला आणा. तापात आणा."

आणा म्हणणं सोपं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी रोज फोन हातात घेतला. जुन्या कागदावर निवृत्तीचा नंबर होता, तो लागत नव्हता. नंबर लागत नाही याचा मला आनंद होत होता. एवढी नीच झाले होते मी. स्वयंपाक करताना, बसमध्ये, लेकराच्या दंडाला पट्टी बांधताना अंगठा आपला चालूच. शनिवारी नवरा, नागसेन, म्हणाला, "तू कायले जातं? तुले कोणी बोलावलं? एक तं ते लोक आधीच तुह्या नावानं बोटं मोडून राह्यले." मी म्हटलं, त्यांनी बरोबरच मोडली बोटं. तो म्हणाला, "मंग आता काय म्हणशील, दोरा बांधा? बाबा असते तं काय म्हणाले असते?" ते मला लागलं. रात्रभर नाही, पण सकाळी दात घासताना लागलं. आणि तिथेच, तोंडात फेस असताना मला दिसलं की बाबांनी दोरा कापला आणि लगेच पोराला सायकलवर घातलं. अकरा दिवस व्हरांड्यात त्याचा श्वास मोजत पडून राहिले. मी दोरा कापला आणि पुढच्या खाटेकडे गेले. कैची तीच आहे, कापणं तेच आहे, पण बाबांनी केलं ते मी कधी केलंच नाही. दोऱ्यानं ताप जात नाही हे आजही शंभर टक्के खरं आहे, त्यावर मी कोणाशीही भांडेन. पण ती बाई ताप घालवत नव्हती, ती त्याच्यावर पाळत ठेवत होती, आणि मी तिची पाळत कापून टाकली.

रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले. शेगावला गाडी भरली, पायऱ्यांवरसुद्धा माणसं, कोणाच्या हातात प्रसादाची पुडी, कोणाच्या कडेवर झोपलेलं पोर. मी प्रत्येक पोराची मान बघत होते. सवयच ती, पण आज त्या मानांवरून नजर निघत नव्हती. वरवटच्या पुढे सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागली आणि रस्त्याला संत्र्यांचे ढीग. बाजूची बाई विचारत होती, कोणाच्या घरी चाल्ल्या? मी म्हटलं, ओळखीच्या. सोनाळ्याच्या स्टँडवर उतरले. वाटलं, पलीकडच्या बसनं परत जावं, मॅडमना सांगावं, घर सापडलं नाही. घर विचारलं तर पहिल्याच माणसानं बोटानं दाखवलं.

अंगणात पाण्याचे दोन निळे कॅन, आणि एक पोरगं ताटली घेऊन त्यात माती भरत होतं. उघडं, खाली चड्डी. कमरेला काही नव्हतं. गळ्यात नव्हतं, मनगटात नव्हतं. एवढं कोरं लेकरू मी या भागात वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. राखी बाहेर आली, मला बघून धावतच आली. "सिस्टर! मायबाई, तुम्ही?" तिनं माझे हात धरले. रागाची एवढी तयारी करून आले होते, आणि ही बया माझे हात धरून हसत होती. "हरिओम, पाह्य कोण आलं. तुम्ही सांगतलं होतं ना सिस्टर, एक गाठ नाई? पाहा याले. एक धागा अंगाले लागू देल्ला नाई. यांनी तोंड धरलं, दोन महिने बोलल्या नाई, पण मी हटली नाई." 'यांनी' म्हणजे झुंबरबाई. त्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कैची आणली का सोबत?" मी पर्स उघडली, कैची काढली आणि त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवली. "आणली," म्हटलं.

चहा आला. मी राखीला विचारलं, पोराला ताप येतो का? ती म्हणाली, "येते ना, कोणत्या लेकराले येत नाई? पाणी असं हाये इथलं, खारं. म्हणून तं आता कॅनचं आणतो." किती वेळा? "आता ते कोण ध्यानात ठेवते." मानेला गाठी? तिनं चहाची बशी खाली ठेवली. "होतात." तोंड येतं? तिनं पोराकडे पाहिलं. पाच दिवसांत आपोआप उतरतो? "सिस्टर," ती म्हणाली, "असं काऊन विचारून राह्यल्या तुम्ही?" तिला सगळं माहीत होतं. तिनं मोजलं नव्हतं, कारण मोजणं हे सासूचं काम होतं, आणि मोजणारीच्या घरातली पोरगी गेली होती. मी सांगायला लागले. नर्स सांगते तसं नाही, अडखळत, पुढचं मागे, मागचं पुढे. मुक्ताचा आजार एकच होता, तो आला तेव्हा आम्ही दर वेळी त्याला वेगळं नाव दिलं, तो या पोराला असू शकतो, रक्त तापातच घ्यावं लागतं. मग ओट्याकडे वळले. "आजी, दोरा कापला म्हणून मुक्ता नाही गेली. पण तो दोरा तुम्ही डॉक्टरला दाखवा म्हणाला होतात आणि मी दाखवला नाही. त्याच्यात सगळं होतं. तुम्ही माझं बोट धरून दाखवलं. मी तरी बादलीत टाकला. चूक माझी आहे." झुंबरबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्या सांगतलं व्हतं." मी म्हटलं, हो.

ओरडली राखी. उभी राहिली. "मंग मी अडीच वर्ष यांच्यासंगं भांडली ते कोनाच्या भरवशावर? तुमच्या ना? घरात मी यांले वेडी म्हटलं सिस्टर, माणसाईच्या समोर वेडी म्हटलं! आता तुम्ही येऊन सांगता यांचंच बराबर होतं? तवा वाचली असती का मंग माही पोरगी? सांगा ना." माझ्याकडे मॅडमचं उत्तर होतं, सांगता येत नाही, ते खरंही होतं. पण त्या उत्तराच्या आड उभं राहायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "वाचली असती, असं मला वाटतं." राखी खाली बसली. तिनं तोंडात पदर कोंबला आणि तशीच राहिली. पोरगं ताटली टाकून तिच्याजवळ आलं, तिच्या डोक्यावर मातीचा हात ठेवून उभं राहिलं. मला वाटलं, आता ही मला घालवून देईल आणि तसं तिनं केलं तर मी काय करणार, पोराच्या रक्ताशी माझं काय नातं, कोण मी. आणि समजा आलेच हे लोक, तर मॅडमना दाखवायला आहे काय? तारखा नाहीत, कागद नाहीत, पुन्हा पहिल्या ओळीत 'ताप, तीन दिवस'.

तेवढ्यात झुंबरबाईंनी लुगड्याच्या निऱ्यांशी हात घातला. काहीतरी चाचपत होत्या. कमरेपासून एक काळा दोरा त्यांनी हळूहळू ओढून काढला, एक वेढा, दुसरा, तिसरा. गाठींनी भरलेला. राखी पदर सोडून बघत राहिली. "त्याच्या आंगाले लावू नको म्हटलं हिनं. म्या नाई लावला. माह्या आंगाले लावाले कोनाची बंदी व्हती?" मी पुढे वाकले, हात आपसूक गेला. झुंबरबाईंनी दोरा छातीशी घेतला. "हात लावू नका," त्या म्हणाल्या. "तुमी लिवा." मी पर्समधून बसचं तिकीट काढलं, ते पुरणार नव्हतं, मग औषधाच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडला. त्यांनी डोळे मिटले आणि दोऱ्याच्या सुरुवातीपासून बोट फिरवायला लागल्या. "बारीक. बारीक. बारीक. बारीक. जाड. बारीक. बारीक. बारीक. जाड." मी ठिपके काढत गेले, फुल्या मारत गेले. मध्ये एकदा म्हणाल्या, "इथी संक्रांत व्हती," एकदा म्हणाल्या, "इथी निवृत्ती गाडीवरून पडला." अठरा महिन्यांचे शनिवार. सतरा फुल्या. राखी केव्हा माझ्या मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. पुठ्ठा बघत होती. तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी म्हातारीचं बोट थांबलं. "बारीक. बारीक. बारीक. हा कालचा शनिवार." त्याच्या पुढे दोरा मोकळा होता.

हरिओम माझ्या पायाशी बसून कैचीच्या कड्यात बोट घालायचा प्रयत्न करत होता. मी त्याच्या हातातून ती काढून घेतली, कपाळाला हात लावला. गार होतं. गार कपाळाची भीती मला आयुष्यात पहिल्यांदा वाटली. मी म्हटलं, आजच निघू या, ताप येईल तेव्हा खामगावातच असलेलं बरं, माझ्या घरी राहा. राखी आत गेली आणि पिशवी भरायला लागली. झुंबरबाई उठल्या, दोरा पुन्हा कमरेला गुंडाळला. "म्या येतो," म्हणाल्या. "दोरा तुमच्या हाती देनार नाई."

तीनच्या गाडीत जागा मिळाली. खिडकीशी राखी, मांडीवर पोरगं, मध्ये झुंबरबाई, कडेला मी. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. हरिओम बिस्किट खात होता, प्रत्येक ट्रॅक्टरला टाटा करत होता. राखी दर पाच मिनिटांनी त्याच्या गळ्याला हात लावून बघत होती. सव्वादोन वर्षांत न बघितलेलं एकदम बघून घ्यायचं असल्यासारखं. वरवट गेलं. पूर्णेचा पूल गेला. पुढे कुठेतरी त्यानं बिस्किट अर्धं खाऊन हातात तसंच धरलं, जिभेनं गालाच्या आतून काहीतरी चाचपलं आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकलं. एवढंच. लेकरं दमली की टाकतात डोकं. झुंबरबाई समोर बघत होत्या, त्यांनी मान वळवली नाही. त्यांचा हात लुगड्याच्या आत गेला.

"आला," त्या म्हणाल्या.

मी वाकून कपाळाला हात लावला. पर्समधून थर्मामीटर काढून काखेत लावलं, वाजेपर्यंत धरलं. नॉर्मल. पुन्हा हात लावला. राखी माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते याची वाट बघत. सत्तावीस वर्षं या हातांनी तापलेली लेकरं ओळखली आहेत, आणि हात सांगत होता, काही नाही. मी पुठ्ठा मांडीवर घेतला आणि शेवटच्या तीन ठिपक्यांच्या पुढे फुली मारली.